सहाशे मीटरने आकसलेले बडोदे

मोहनराव शितोळ्यांना बडोदे आकड्यांत पाठ होते. गोत्रीच्या सोसायटीच्या फाटकापासून सुरसागरचा काठ सहा-दोन. वासण्याच्या दवाखान्याचे वळण दोन-सात. मकरपुऱ्याच्या कामगार वस्तीतली ती पत्र्याची खोली, जिथे अहल्याबाई आठवड्यातून दोनदा मुलींना गणित शिकवायला जात, ती अकरा-चार. म्हणजे अकरा किलोमीटर आणि वर चारशे मीटर. पत्ता सांगताना लोक देऊळ सांगतात, बँक सांगतात, मोहनराव विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघत शांतपणे म्हणत, "इथून एक-तीन. डावीकडे."

अहल्याबाई फडणीसांकडे ते आले ते दोन महिन्यांसाठी. बाईंचे यजमान भास्करराव मकरपुऱ्याच्या एका कारखान्यातून नुकते निवृत्त झाले होते आणि त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन व्हायचे होते. त्याच कारखान्याच्या बसवर मोहनराव ड्रायव्हर होते आणि ती बस बंद झाली होती. घरात नवी छोटी गाडी आली होती, ती चालवायला कोणी तरी हवे होते. त्याला आता चौदा वर्षे झाली. पाच वर्षांपूर्वी भास्करराव गेले. गाडी राहिली, मोहनराव राहिले. बाई त्र्याहत्तरच्या झाल्या, मोहनराव एकसष्टचे.

बाई जन्मभर शाळेत गणित शिकवत आल्या होत्या आणि समोर कोणी दिसले की शिकवल्याशिवाय त्यांना राहवत नसे. मोहनराव सातवीपर्यंत शिकलेले. दशांश अपूर्णांकांचा भागाकार त्यांना बाईंनी मागच्या सीटवर बसून, सिग्नल लाल असताना शिकवला. एका सिग्नलला एक उदाहरण. रेसकोर्सचा सिग्नल लांबतो, तिथे दोन. एका पावसाळ्यात मोहनराव तयार झाले आणि मग त्यांनी ती विद्या एकाच कामाला लावली. गाडीचे ॲव्हरेज.

त्यांची पद्धत ठरलेली. एकच पंप, सकाळची वेळ, टाकी काठोकाठ. मग मीटर शून्यावर आणायचे. पुढच्या वेळी टाकी पुन्हा काठोकाठ भरायची, जितके लिटर गेले त्याने किलोमीटरला भागायचे. कागद नाही, पेन नाही. पंपावरून गाडी रस्त्याला लागेपर्यंत उत्तर तयार. "अठरा, बाई," ते आरशात बघून सांगत. कधी सतरा-नऊ. कधी अठरा-एक. चौदा वर्षे. सुईवर ते पन्नासच्या वर जात नसत, आणि पुढे लाल दिवा दिसला की दोनशे मीटरवरूनच पाय काढून घेत. बाईंना कित्येकदा गाडी थांबल्याचे कळतच नसे. खिडकीतले झाड हलायचे बंद झाले की कळे.

गणपतीत अनीश आला. बाईंचा नातू, पुण्यात नोकरी करतो. आजीची गाडी त्याला केविलवाणी वाटली. "आजी, चाकं बघ. बिस्किटं लावल्यासारखी दिसतात." दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन गेला आणि संध्याकाळी परत आला तेव्हा गाडी बोटभर उंच झाली होती. रुंद काळे टायर, चकचकीत चाके. दुकानदाराने म्हणे जाताना टाळी दिली होती, "हवे लागे छे गाडी जेवी गाडी," आता कुठे गाडीसारखी दिसते म्हणून. जुनी चार चाके दुकानातच दिली होती. पाचवे, डिकीतली स्टेपनी, तेवढे राहिले होते.

मोहनरावांनी वाकून एका चाकाखाली बोटे घातली, जणू उचलून बघावे तशी. "जड आहेत, बाबा."

"मजबूत आहेत काका. रस्ता धरून ठेवतील."

"हो, ते आहेच." मोहनराव हसले. त्यांनी टायरवरून हात फिरवला. "छान आहेत."

बाईंनी नातवाला शिरा केला. आजीसाठी एवढे कोण करते, असे त्यांनी दोन दिवस फोनवर बहिणीला सांगितले.

पितृपक्षात मोहनराव ॲव्हरेज सांगेनासे झाले. बाईंच्या ते लगेच लक्षात आले नाही. एकदा पंपावरून निघाल्यावर त्यांनी आपणहून विचारले, "काय आलं?" तर मोहनराव म्हणाले, "मोजायचं राहिलं." चौदा वर्षांत पहिल्यांदा. बाईंनी आरशात पाहिले, पण मोहनराव आरशात पाहत नव्हते.

नंतर बाईंना आणखी काही दिसू लागले. सिग्नलला थांबले की मोहनराव उजव्या गुडघ्यावर तळवा ठेवत. मकरपुऱ्याला पोचले की उतरायच्या आधी मीटरकडे बघत राहत, मग चष्मा काढून पुसत आणि पुन्हा बघत. एकदा अकोट्याच्या पुलावरून उतरताना ते स्वतःशीच म्हणाले, "लवकर संपला." बाईंनी विचारले, काय? "काही नाही, बाई."

खंडेनवमीला शितोळ्यांच्या घरी शस्त्रपूजा असते. मोहनरावांचे आजोबा बडोदे सरकारच्या पागेत स्वार होते. शस्त्र म्हणावे असे आता घरात काही उरले नव्हते, म्हणून मोहनराव त्या दिवशी पत्नीला घेऊन गोत्रीला येत आणि सोसायटीच्या आवारात गाडीची पूजा करत. पाटावर जॅक, पाने, हवा मोजायचे यंत्र आणि गाडीची किल्ली. गाडीला झेंडूची माळ. मथुराबाई ओल्या कुंकवाची वाटी धरून उभ्या राहत आणि नवऱ्याला सूचना करत. पूजेतल्या हत्यारांना त्या दिवशी कोणी हात लावत नाही, ती दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उचलायची. त्यामुळे खंडेनवमीला गाडी निघत नसे आणि बाईंना मकरपुऱ्याला सुट्टी असे.

त्या वर्षीही तसेच झाले. आरती झाली, बाईंनी खिरीच्या वाट्या आणल्या. मोहनरावांनी वाटी घेतली नाही.

"बाई, एक सांगायचं होतं. ही किल्ली पाटावर ठेवली आहे. उद्या ती मी उचलणार नाही."

"मग कोण उचलणार?"

"वासण्याला आमच्या ओळखीचा एक मुलगा आहे, प्रतापसिंह. हात चांगला आहे त्याचा. मी त्याला रस्ते दाखवीन."

बाईंनी वाटी कठड्यावर ठेवली. "काय झालं, मोहनराव? कोणी काही बोललं का?"

"कोण बोलणार? चौदा वर्षांत या घरात मला कोणी काही बोललं नाही, हीच तर पंचाईत आहे." ते थांबले. "माझा पाय गेला, बाई."

"यांचा पाय गेला म्हणे," मथुराबाई मध्येच म्हणाल्या. "घरात तर काही दिसत नाही. चहाचं आधण उकळलं की सगळ्यांच्या आधी स्वयंपाकघरात."

मोहनरावांनी तिकडे लक्ष दिले नाही. "पंधरा-पाच आलं, बाई. आधी वाटलं पंपाची चूक. दुसऱ्यांदा टाकी भरली, पंधरा-सहा. तिसऱ्यांदा पंधरा-पाच. अठराची गाडी पंधरावर आली. गाडीत काही नाही, मी सगळं बघून घेतलं, हवासुद्धा दर चार दिवसांनी. मग राहिला कोण? गुडघा दुखतो, पाय दाबला जात असणार, मला कळत नसणार. आज पेट्रोल जातंय, उद्या ब्रेकला पाय पोचायला उशीर होईल. मागे तुम्ही बसलेल्या असता."

त्यांनी हे इतक्या सपाट आवाजात सांगितले की बाईंना आपला वर्ग आठवला. वर्गात एखादा हुशार मुलगा उठून उभा राहावा, मी नापास आहे म्हणावे, आणि पेपर तपासला तर एकही चूक सापडू नये, तसे काहीसे.

"आणि एवढंच नाही," मोहनराव म्हणाले. आता त्यांचा आवाज खाली गेला. "डोळेही गेले असतील, नाही तर डोकं. मकरपुरा अकरा-चार आहे ना, बाई?"

"तुम्हीच सांगता, अकरा-चार."

"आता दहा-आठ दिसतं. दर खेपेला. रस्ता तोच, वळणं तीच. सुरसागर पाच-नऊ. वासणा दोन-सहा. सगळं जवळ आलंय. अकोट्याचा पूल संपतो कधी कळत नाही. बडोदं आकसलं, असं कुणाला सांगितलं तर मला कुठे नेऊन ठेवतील?"

मथुराबाईंच्या हातातली वाटी खाली आली. हे त्यांनीही प्रथमच ऐकले होते.

बाई गाडीकडे बघत राहिल्या. माळ घातलेली, बोटभर उंच झालेली गाडी. सहाशे मीटर अकरा किलोमीटरवर गेले. तीनशे मीटर सहावर. शंभर मीटर पावणेतीनवर. जवळच्या अंतरात थोडे, लांबच्यात जास्त, आणि सगळीकडे एकाच प्रमाणात. गेलेले डोके इतक्या नेमाने चुकत नाही.

"मोहनराव, मीटर किलोमीटर कशाने मोजतं?"

"म्हणजे?"

"गाडीला रस्ता दिसतो का?"

मोहनराव विचारात पडले. "नाही. चाक फिरतं ते तिला कळतं. किती फेरे झाले ते."

"आणि एका फेऱ्यात किती रस्ता, हे कोणी ठरवलं?"

"कंपनीने."

"कुठल्या चाकावर?"

मोहनरावांनी मान वळवली. ते नव्या चाकाकडे पाहत होते. मग डिकीकडे वळले, उघडली, आणि तळाशी पडलेली जुनी स्टेपनी दोन्ही हातांनी बाहेर काढून त्यांनी नव्या चाकाला लावून उभी केली. ती दोन बोटे बुटकी होती. बारीकही.

"डोळ्यांनी नको," बाई म्हणाल्या. "मोजू या. जॅक लावा, चाकाला सुतळी गुंडाळू."

"जॅक पूजेत आहे, बाई. आज हात लावता येणार नाही."

"मग?"

"गाडी सुरूही करायची नाही," मथुराबाई म्हणाल्या, आणि मग जरा थांबून धार्मिक बाबतीत शेवटचा निर्णय द्यावा तसे म्हणाल्या, "ढकलायला मात्र हरकत नाही."

त्या पुढे झाल्या. वाटीतले ओले कुंकू बोटावर घेऊन त्यांनी पुढच्या चाकावर, जिथे ते जमिनीला टेकले होते त्याच्या अगदी लगत, एक जाड पट्टा ओढला. स्टेपनीवरही तसाच. जमिनीवर खडूने एक आडवी रेघ मारली आणि दोन्ही चाके त्या रेघेवर आणली. वॉचमनला बोलावले. तो आणि मथुराबाई मागून ढकलायला लागले, मोहनराव खिडकीतून हात घालून स्टिअरिंग सरळ धरून चालू लागले, आणि अहल्याबाई फडणीस, बडोद्यातल्या तीन पिढ्यांच्या गणिताच्या बाई, पदर खोचून शेजारून स्टेपनी हाताने घरंगळत नेऊ लागल्या.

गाडी हलली. चाक एकदा फिरले आणि कुंकवाचा पट्टा जमिनीला टेकून उठला. सिमेंटवर एक लाल ठिपका. शेजारी स्टेपनीचा ठिपका, चार बोटे अलीकडे. दुसरा फेरा, आणखी एक जोडी, आता वीतभर अंतर. ओल संपली की थांबायचे, पट्टा पुन्हा ओला करायचा, ढकलायचे. तिसऱ्या मजल्यावरून कोणी तरी ओरडून विचारले, "बॅटरी उतरी गई?" ढकलणारे ढकलतच राहिले. पाचव्या फेऱ्याला स्टेपनी हातभर मागे होती. दहाव्याला गाडी थांबवली तेव्हा बाई एक चांगली ढांग मागे उभ्या होत्या, आणि गाडीच्या नि त्यांच्या मागे आवारभर कुंकवाच्या दोन ओळी गेल्या होत्या. एकाच रेघेवरून निघून हळूहळू फाकत गेलेल्या.

"रांगोळीचे ठिपके टाकल्यासारखे," मथुराबाई धापा टाकत म्हणाल्या.

चारही जण ते बघत उभे राहिले. बाईंनी आयुष्यात फळ्यावर किती वर्तुळे काढली असतील, त्रिज्या, व्यास, परीघ म्हणून किती पोरांचे कान पिकवले असतील. पण परीघ जमिनीवर असा उलगडून पडलेला, आपल्याच पावलांनी शेजारी चालत जाऊन पाहिलेला, हे पहिल्यांदाच. आणि हा माणूस, त्यांच्या मनात आले, हा फरक महिनाभर रोज अंगावर सोसत होता. सहाशे मीटर अकरा किलोमीटरमध्ये विरघळलेले असतात. ते कुणाला जाणवतात?

शिवणाची टेप आणली. गाडीचे दहा फेरे सतरा मीटर सत्तर. स्टेपनीचे सोळा मीटर ऐंशी.

"करा भागाकार," बाई म्हणाल्या.

मोहनरावांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. वॉचमनला वाटले ते देवीचे काही म्हणत आहेत, म्हणून त्याने टोपी काढली.

"मकरपुरा अकरा-चार," मोहनराव डोळे न उघडता म्हणाले. "जुनं चाक फेऱ्याला एकशे अडुसष्ट सेंटिमीटर. नवं एकशे सत्त्याहत्तर. गाडी अजून जुन्याच हिशोबाने फेरे मोजतेय." ओठ पुन्हा हलू लागले. "दहा-आठ."

त्यांनी डोळे उघडले. "बडोदं आहे तेवढंच आहे."

"आहे तेवढंच आहे."

"मग पंधरा-पाचही..."

"तुम्ही जास्त रस्ता गेलात आणि मीटरने कमी सांगितला. करा."

हे त्यांनी उघड्या डोळ्यांनी केले. "सोळा-तीन." त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच पुन्हा बंद झाला. "पण अठरा नाही, बाई. एक-सात अजून माझ्याकडे निघतात."

हा असा माणूस आहे, बाईंना वाटले, जो सुटकेचा कागद हातात दिला तरी त्यातली चूक शोधेल. त्या कठड्यावर बसल्या. "आजोबा पागेत होते ना तुमचे? त्या दिवशी अनीशला तुम्ही म्हणालात, जड आहेत. कशावरून म्हणालात?"

मोहनराव ओशाळले. "सवय आहे ती. आजोबा नाल ठोकायच्या आधी प्रत्येक नाल तळहातावर तोलायचे. खोगिरावर चार शेर जास्त झालं तर बोलायचे नाहीत, पण नाल जरा जड असला तर नालबंदाला परत द्यायचे. म्हणायचे, हे वजन त्याला प्रत्येक पावलाला उचलावं लागणार आहे, दाणा जास्त लागेल."

बोलता बोलता ते थांबले. मथुराबाईच म्हणाल्या, "मग सगळं ठाऊक होतं की तुम्हाला."

"ठाऊक होतं," मोहनराव सावकाश म्हणाले. "तिसऱ्या गिअरला गाडी कण्हते, तेही कळत होतं. मोठं चाक ओढायला तिला जोर पडतो. पण अनीशबाबाने हौसेने आजीसाठी आणलेली वस्तू. तिच्यावर कसं ढकलणार?"

"म्हणून स्वतःवर ढकललंत," बाई म्हणाल्या. "शिवाय रुंद टायर, जमिनीला जास्त चिकटतो. आणि सुई पन्नासवर ठेवून तुम्ही महिनाभर जवळजवळ त्रेपन्नने चाललात. पूल लवकर संपेल नाही तर काय? हे तुमचे एक-सात. तुमच्या पायाने यात काहीच केलेलं नाही."

मोहनराव गुडघ्याकडे बघत राहिले, जणू त्याची माफी मागायची राहिली होती.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "मी तुम्हाला भागायला शिकवलं. उत्तर बरोबर आलं की पुढे गेले. ज्याने मोजतो ते माप तेच आहे का, हे आधी विचारायचं असतं, ते शिकवलंच नाही."

"सिग्नल हिरवा झाला असेल, बाई."

यावर मथुराबाई हसल्या, मग बाई, आणि शेवटी मोहनरावांनी कठड्यावरची खिरीची वाटी उचलली. ती निवली होती, वर साय धरली होती. त्यांनी ती सगळी संपवली.

संध्याकाळी अनीशचा फोन आला. बाईंनी सगळे सांगितले. तो आधी हसला, मग त्याने विचारले, "काका किल्ली ठेवणार होते? चाकांमुळे?" मग म्हणाला, "त्यांना द्या फोन." मोहनरावांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "नाही, बाबा. नाही, राग कसला... दिसायला सुंदरच आहेत... हो, एक मात्र आहे. डिकीतली स्टेपनी जुनी आहे. पंक्चर झालं तर गाडीचा एक पाय आखूड. बाईंना घेऊन तसं नाही जायचं मला... दिवाळीला? बरं. जुन्याच मापाची चाकं बघू. तोपर्यंत मी सांभाळतो."

'मी सांभाळतो' हे शब्द ऐकून बाई आत गेल्या आणि उगाचच देवघरातली वात पुढे सारली.

दसऱ्याच्या सकाळी मोहनरावांनी पाटावरची किल्ली उचलली, कपाळाला लावली. मकरपुऱ्याच्या मुलींसाठी बाईंनी पेढे घेतले होते, आपट्याची पाने घेतली होती. आवारातल्या कुंकवाच्या ओळी तशाच होत्या. वॉचमनने झाडताना त्या वगळून झाडले होते. गाडी त्यांच्या मधून बाहेर पडली.

रस्ते मोकळे होते. बाई मागे बसून हिशोब करत होत्या. इथून मकरपुरा नव्या चाकाचे सहा हजार चारशे एक्केचाळीस फेरे. जुन्याचे तीनशे पंचेचाळीस जास्त. आणि चौदा वर्षांत एक लाख चाळीस हजार किलोमीटर म्हणजे आठ कोटी तेहेतीस लाख फेरे. त्यांनी हा आकडा दोनदा तपासला. भास्करराव ऑपरेशनला गेले ते, परत आले ते, शेवटचे गेले ते, सगळे त्यातच. एका पायाखाली आठ कोटी फेरे, आणि त्यातला एकही बाईंना कधी जाणवला नव्हता.

पत्र्याच्या खोलीपाशी गाडी थांबली; खिडकीतले कडुनिंबाचे झाड हलायचे बंद झाले तेव्हा ते कळले. मीटरवर दहा-आठ होते. मोहनरावांनी चष्मा पुसला नाही.

"अकरा-चार, बाई," ते आरशात बघून म्हणाले.

परत येताना ऊन वाढले होते. हमरस्त्याला लागल्यावर बाईंनी सहज पुढे वाकून पाहिले. सुई सत्तेचाळीसवर होती, आणि घर येईपर्यंत तिथेच राहिली.